जुन्या मोटारीचे मोल चकाकीत नव्हे, दप्तरात

'१९५०च्या दशकातील अमेरिकी कन्व्हर्टिबल, संपूर्ण रिस्टोअर केलेली, विकणे आहे.' अशी जाहिरात दृष्टीस पडली की मोटारींच्या शौकिनाचे मन चाळवल्याशिवाय राहत नाही. छायाचित्रात लालभडक रंग, आरशासारखे लखलखणारे क्रोमचे बंपर, मागे दुमडलेला पांढरा टप आणि सोफ्यासारखी ऐसपैस बैठक दिसते. खाली लिहिलेला आकडा मात्र भल्याभल्यांना विचारात पाडणारा असतो. हा आकडा नेमका कशाचा? रंगाचा, इंजिनाचा, दुर्मिळतेचा, की विकणाऱ्याच्या हौसेचा?

भुसावळजवळच्या दीपनगरमध्ये या प्रश्नाचे उत्तर समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे. औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत वाढलेल्या या वसाहतीत ओव्हरहॉल हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. संच बंद करून टर्बाइन उघडले, बेअरिंग बदलले, पाती तपासली आणि यंत्र पुन्हा फिरू लागले, एवढ्यावर तिथे कोणी सही करीत नाही. यंत्र केव्हा उघडले, आत काय आढळले, कोणता भाग बदलला आणि तो कोठून आला याची नोंद लागते. ती नसेल तर सुरळीत फिरणाऱ्या यंत्रावरही अनुभवी अभियंता विश्वास ठेवणार नाही. जुन्या मोटारीचेही नेमके तसेच आहे. रिस्टोअर केलेल्या मोटारीची खरी किंमत तिच्या पत्र्यावरच्या चकाकीत नसून तिच्या दप्तरात, म्हणजे सिद्ध करता येण्याजोग्या इतिहासात असते. हे न ओळखता खरेदी करणारा पैसे तर गमावतोच, शिवाय २०२१ पासून लागू असलेल्या नियमांमुळे ती मोटार कायदेशीरपणे रस्त्यावर आणण्याचा मार्गही गमावू शकतो.

इंदूरच्या महाराजांची मोटार

या दप्तराचे महत्त्व दाखवणारे एक ठळक उदाहरण मराठी इतिहासातच आहे. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचे बालपण खानदेशातील तळोदे येथे आजोळी गेले. त्याच घराण्याचे अखेरचे सत्ताधीश यशवंतराव होळकर दुसरे (१९०८-१९६१) हे आधुनिक कला आणि वेगवान मोटारी यांचे मोठे चाहते होते. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग राजवाडा नव्या धर्तीवर उभारून घेतला. १९३५ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची 'एसजे' मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन आसनांची उघडी बॉडी चढवून घेतली.

ड्युसेनबर्ग ही साधी कंपनी नव्हती. जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या बंधूंचे नाव तिला होते. १९२८ च्या अखेरीस तिने 'जे' हे मॉडेल जाहीर केले. त्यात आठ सिलिंडरचे, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन होते आणि त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती असल्याचा कंपनीचा दावा होता. सुपरचार्जर जोडलेल्या 'एसजे'साठी हा आकडा ३२० होता. आजही अनेक मोटारी ही शक्ती गाठत नाहीत. कंपनी बहुधा केवळ चेसिस आणि इंजिन विकत असे, बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायची. १९३७ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला, तोवर 'जे' मालिकेच्या पाचशेहून कमीच मोटारी तयार झाल्या होत्या.

या प्रत्येक मोटारीच्या इंजिनावर 'जे' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असे. त्या क्रमांकावरून ती कोणाला विकली गेली, तिच्यावर कोणती बॉडी होती आणि पुढे ती कोणाकोणाकडे गेली याचा माग अभ्यासकांनी काढला आहे. होळकरांची मोटार पुढे अमेरिकेत गेली. परंतु आजही संग्राहकांच्या जगात ती 'इंदूरच्या महाराजांची ड्युसेनबर्ग' म्हणूनच ओळखली जाते. हे नाव तिला रंगारी किंवा फिटर देऊ शकला नसता. मालकीची साखळी न तुटल्याने ते टिकले.

अशा साखळीला बाजारात काय भाव येतो, हे ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका लिलावात दिसले. सिनेनट गॅरी कूपर यांच्या ताब्यात राहिलेली १९३५ची ड्युसेनबर्ग 'एसएसजे' ही उघडी मोटार तेथे २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. आखूड चेसिसच्या अशा फक्त दोनच मोटारी बनल्या होत्या आणि दुसरी क्लार्क गेबल यांच्याकडे होती. दोन्हींचा इतिहास पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेवढ्याच कौशल्याने, तशीच हुबेहूब मोटार आज कोणी नव्याने बनवली तर तिला या किमतीचा अल्पसा अंशही मिळणार नाही.

अमेरिकी मोटारी आपल्याकडे आल्या कशा?

राजेरजवाड्यांपुरत्याच अमेरिकी मोटारी भारतात होत्या, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना सुरू केला. फोर्ड कंपनीनेही १९२६ पासून भारतात व्यवसाय मांडला होता. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी, जमीनदार अशा वर्गापर्यंत या मोटारी पोचल्या. भुसावळहून इटारसीकडे जाताना लागणाऱ्या खंडव्याच्या गांगुली बंधूंचा 'चलती का नाम गाडी' हा १९५८चा चित्रपट आठवून पाहावा. त्यातील खटारा मोटारही अमेरिकी बनावटीची आणि उघड्या टपाचीच होती.

१९५३-५४ मध्ये चित्र बदलले. ज्यांच्याकडे देशातच टप्प्याटप्प्याने संपूर्ण उत्पादन करण्याची योजना आहे अशाच कंपन्यांना वाव देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील काम थांबवले. आयातीवरील निर्बंध कडक झाले. त्यामुळे १९५५ नंतरच्या अमेरिकी मोटारी, त्यातही कन्व्हर्टिबल, भारतात अगदी मोजक्याच आल्या. वकिलाती, संस्थानिक आणि चित्रपटसृष्टी हेच त्यांचे मुख्य मार्ग. म्हणूनच त्या काळातील कन्व्हर्टिबल विक्रीस आलेली दिसली की पहिला प्रश्न 'कशी दिसते' हा नसावा, 'आली कशी' हा असावा. मूळ मालक कोण, कोणत्या साली आयात झाली, जकात भरल्याचा कागद आहे का, पहिली नोंदणी कोठे झाली, या प्रश्नांना उत्तर नसेल तर पुढच्या चकाकीला फारसा अर्थ उरत नाही.

आणखी एक खास भारतीय अडचण आहे. मोठ्या अमेरिकी इंजिनांना पेट्रोल फार लागे. ते परवडेना तेव्हा अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. काही मोटारी या रूपात टॅक्सी म्हणूनही धावल्या. व्यवहाराच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचाच होता. परंतु आज तीच मोटार 'मूळ स्थितीतील' म्हणून विकली जात असेल तर बॉनेट उघडून पाहणे भाग आहे.

रिस्टोअर म्हणजे नेमके काय?

हा शब्द जाहिरातीत सैलपणे वापरला जातो. त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली जपणूक. यात मूळ रंग, मूळ आसने, मूळ भाग शक्य तितके राखून केवळ झीज थांबवली जाते. दुसरी पुनर्स्थापना. यात मोटार संपूर्ण सुटी करून, गंजलेला पत्रा बदलून, कारखान्यातून बाहेर पडताना ती जशी होती तशी पुन्हा उभी केली जाते. तिसरे रूपांतर. यात बाहेरचा आकार जुना ठेवून आत नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स, वातानुकूलन असे सारे बसवले जाते. जुन्या वाहनांसाठी काम करणारी 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून कार्यरत आहे. तिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही जपणूक आणि पुनर्स्थापना यांत स्पष्ट भेद केला असून जे मूळ आहे ते टिकवण्यास अग्रक्रम दिला आहे. जुने देऊळ जपताना मूळ दगडावर ऑइलपेंट फासू नये असे आपण म्हणतो, त्यामागचेच हे तत्त्व.

रूपांतर केलेली मोटार वाईट असते असे नाही, ती चालवायला कदाचित अधिक सोयीची असेल. मात्र तिला पुनर्स्थापित मोटारीचा भाव देणे योग्य नव्हे. विकणाऱ्याकडे काम सुरू होण्यापूर्वीची, सुटे करतानाची आणि जोडतानाची छायाचित्रे असावीत, भागांच्या पावत्या असाव्यात, लेथवर काय काम झाले याची नोंद असावी. खरोखर परिश्रम घेतलेला माणूस ही फाइल अभिमानाने पुढे करतो.

टप कापलेली की मूळचीच?

कन्व्हर्टिबलची किंमत त्याच मॉडेलच्या बंद मोटारीपेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे बंद मोटारीचा टप कापून तिला कन्व्हर्टिबल म्हणून खपवण्याचे प्रकार जगभर होतात. ते ओळखायचे कसे? १९५७ची शेव्हरोले बेल एअर हे सर्वांना परिचित उदाहरण घेऊ. आठ सिलिंडरच्या बेल एअरचा अनुक्रमांक 'व्हीसी५७' या अक्षरांनी सुरू होतो. पण त्या क्रमांकावरून बॉडीचा प्रकार कळत नाही. त्यासाठी बॉनेटखाली, इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यावर बसवलेली बॉडीची पट्टी पाहावी लागते. मूळ कन्व्हर्टिबलवर तिथे '५७-१०६७डी' हा प्रकार क्रमांक असतो. मूळ रंगाचे आणि आसनांच्या कापडाचे संकेतही त्याच पट्टीवर असतात. लाल रंगाची म्हणून विकली जाणारी मोटार मुळात फिकट निळी होती, हे त्यावरून कळू शकते. अर्थात अशा पट्ट्या नव्याने बनवूनही मिळतात, म्हणून केवळ पट्टीवर विसंबू नये. आज सर्वत्र दिसणारा १७ अक्षरांचा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. म्हणून ज्या मॉडेलची मोटार घ्यायची त्याची पद्धत आधी समजून घ्यावी.

पट्टी खोटी असू शकते, पण चेसिस सहसा खोटे बोलत नाही. बंद मोटारीत टप हा केवळ पावसापासून आडोसा नसतो, तो बॉडीला ताठपणाही देतो. तो काढला की मोटार मधोमध वाकू पाहते. म्हणून कारखान्यात कन्व्हर्टिबलसाठी चेसिस अधिक मजबूत केली जाई. १९५५ ते १९५७ या वर्षांतील शेव्हरोले कन्व्हर्टिबलच्या चेसिसमध्ये इंग्रजी 'एक्स' आकाराचे जादा आडवे गज असत. मोटार रॅम्पवर चढवून खालून पाहिल्यास ते दिसतात. टप उघडा ठेवून, एका बाजूला जॅक लावून दार उघडबंद करून पाहणे ही आणखी एक साधी कसोटी. दार अडकू लागले किंवा फट खालीवर झाली तर चेसिस वाकली आहे किंवा दाराखालची पट्टी गंजाने पोकळ झाली आहे, असे समजावे.

पुट्टीखाली काय दडले आहे हे पाहण्यासाठी कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पुरते. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर असतो. चाकांवरची कमान, डिकीचा तळ आणि पायाखालचा पत्रा ही गंजाची लाडकी ठिकाणे. टपातून झिरपलेले पाणी याच ठिकाणी साचते. इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठवलेली असते, ती मोटार तयार होण्याच्या थोडी आधीची असायला हवी. आरसी बुकातील चेसिस क्रमांक आणि मोटारीवरील क्रमांक यांची तुलना मात्र पेन्सिलने कागदावर उमटवलेल्या छापेवरूनच करावी. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रावर समाधान मानू नये.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी वा मोटार या व्याख्येत बसते. डिझेल इंजिन बसवलेली किंवा टप कापलेली मोटार येथेच अडखळते. दप्तराचा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही, तो आता कायद्याचाही आहे, तो या व्याख्येमुळे.

या नियमांनुसार नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र भारतात आधीच नोंदलेल्या मोटारीला आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि ही सवलत मोलाची आहे. जुनी पाटी हीच मोटारीच्या वास्तव्याची साक्ष असते. नोंदणीसाठी विमा, जुने आरसी बुक आणि आयात मोटार असल्यास सीमाशुल्काचे बिल ऑफ एन्ट्री लागते. अशी मोटार रोजच्या कामासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. विक्री करता येते, परंतु ती परिवहन खात्याला कळवूनच. डाव्या बाजूचे सुकाणू असल्यास मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२० नुसार इशारा देणारे चालू स्थितीतील साधन असणे आवश्यक आहे. जळगावचा ग्राहक दुसऱ्या राज्यातून मोटार आणत असेल तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय संपूर्ण रक्कम देऊ नये.

निर्यातीची बाजूही ध्यानात ठेवावी. १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे भाग परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. संस्थानी मोटारी मोठ्या संख्येने परदेशी गेल्यानंतर हा बांध घातला गेला. उलट दिशेने, २०२५ मध्ये सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारींच्या आयातीस वाट मोकळी केली. त्यामुळे परदेशात रिस्टोअर केलेल्या मोटारी येथे येण्याचे प्रमाण वाढू शकते आणि म्हणून कागद पारखण्याची सवय अधिकच गरजेची ठरते.

खानदेशच्या उन्हात

सारे कागद जुळले तरी एक प्रश्न उरतो. ही मोटार इथे टिकेल का? भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जुन्या अमेरिकी मोटारींत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून असतो. कडक उन्हात, सावकाश चालणाऱ्या रहदारीत नळीतील पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही आणि इंजिन बंद पडते. जुने मेकॅनिक अशा वेळी पंपावर ओले फडके टाकीत, ते उगीच नव्हे. रेडिएटर आतून साफ असणे आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर असणे हे येथे अत्यावश्यक आहे.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांत हेच शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज रोखत असे. म्हणून हेड उघडून कठीण धातूच्या बैठकी बसवल्या आहेत का, हे विचारावे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या मोटारीच्या टाकीत गंज धरतो. जुने रबर, बुचाची वॉशर आणि कार्बोरेटरमधील नाजूक भागही त्याने खराब होतात. इंधनाच्या नळ्या आणि गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, याचे उत्तर पावतीवर मिळायला हवे.

दीपनगरसारख्या ठिकाणी उडत्या राखेचाही विचार करावा लागतो. राखेचे कण काचेसारखे कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसले की रंगावर ओरखडे उठतात आणि कापडी टपाच्या विणीत ते रुतून बसतात. आधी पाण्याने धुणे आणि मगच पुसणे हा साधा नियम हजारो रुपये वाचवतो. टप दुमडून महिनोन्महिने ठेवू नये, घडीवर कापड चिरते.

किंमत ठरवताना

असा सारा विचार केल्यावर जाहिरातीतील आकड्याकडे पुन्हा पाहावे. मूळ चेसिस, मूळ प्रकारचे इंजिन, मूळचीच कन्व्हर्टिबल बॉडी, न तुटलेली मालकीची साखळी आणि कामाची संपूर्ण फाइल एवढे असेल तर मोठी रक्कमही अवाजवी ठरत नाही. रंग फिका असेल, आसने फाटली असतील तरी हरकत नाही, त्या गोष्टी पैशाने दुरुस्त होतात. परंतु इतिहास विकत घेऊन बसवता येत नाही. उलट कागद अपुरे, चेसिस क्रमांक घासलेला आणि रंग मात्र नुकताच मारलेला असेल तर ती मोटार निम्म्या किमतीतही महागच पडेल.

हे जाणून घेण्याची गरज केवळ धनिक ग्राहकाला आहे असे नाही. खानदेशातील जुन्या वाड्यांच्या पडवीत, जिनिंगच्या आवारात, बंद गॅरेजांत एखादी डॉज किंवा प्लिमथ धूळ खात उभी असू शकते. भंगाराच्या भावात ती जाण्यापूर्वी घरच्या लोखंडी पेटीतील पिवळे पडलेले आरसी बुक, विम्याची पावती, आजोबांचे मोटारीपाशी काढलेले छायाचित्र एकत्र करून ठेवावे. माणिकबागेतील मौल्यवान सामान १९८० मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात विकले गेले, महाराजांची मोटार त्याआधीच दूर गेली होती. त्यांची हकीकत आज जगाला सांगता येते, कारण कोणीतरी नोंदी जपल्या. आपल्याकडे ज्या मोटारी अजून उभ्या आहेत त्यांचे दप्तर जपणे मात्र आपल्याच हाती आहे.